शरसंधान आणि अनुसंधान

सज्जनहो, चित्त एकाग्र करा, असे आम्ही कीर्तनकार मंडळी तुम्हांला पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. त्याला दृष्टांतही ठरलेला. द्रोणाचार्यांनी झाडावर पक्षी ठेवला आणि एकेका शिष्याला विचारले, काय दिसते? कोणी म्हणाले झाड दिसते, कोणी म्हणाले आपण दिसता, भाऊ दिसतात. अर्जुन म्हणाला, मला पक्ष्याचा डोळाच दिसतो. मूळ महाभारतात डोळा नाही, मस्तक आहे. तो पक्षीही जिवंत नव्हता, कारागिराकडून करवून घेतलेला होता. डोळा आमच्या कीर्तनाने घातला. इथे टाळ वाजतो, नामाचा गजर होतो, आणि श्रोता घरी जाताना पदराला एवढेच बांधून नेतो की एकाग्रता हे फार मोठे पुण्य आहे.

आज याच समजुतीचा विचार तुमच्यापुढे मांडायचा आहे. एकाग्रता हे पुण्य आहे का?

आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसे असतात. त्यांत जो खिसेकापू येतो, त्याच्याइतका एकाग्र कोण? सगळा जनसमुदाय नामात दंग, आणि त्याचे चित्त एका खिशावर. तहान नाही, भूक नाही, ऊन नाही. बगळ्याचे ध्यान तर म्हणीतच जाऊन बसले आहे. घरातले पोर मोबाईलवर खेळ खेळत बसते, आई तीन हाका मारते, त्याला ऐकू येत नाही, पुढ्यातली भाकरी गार होते. ही समाधी म्हणायची का? कोणी म्हणणार नाही. मग अर्जुनाची एकाग्रता आणि खिसेकापूची एकाग्रता यांत भेद काय, हे सांगायला नको का?

हा पंडितांचा वाद नव्हे. आमच्या चाळीसगावात आणि भोवतालच्या खेड्यांत आज घरोघरी एक तरी मुलगा, एक तरी मुलगी भरतीची नाहीतर स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. पहाटे अंधारात सडकेने धावतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात. त्यांना सगळे एकच सांगतात, ध्येयावर लक्ष ठेव. मग निकाल लागतो, यादीत नाव नसते, आणि तेच लोक म्हणतात, तुझे लक्ष कमी पडले. म्हणजे जो जिंकला तो पुण्यवान आणि जो राहिला तो दोषी! एकाग्रतेला पुण्य ठरवले की हा निवाडा आपोआप येतो. म्हणून या शब्दाची नीट तपासणी करणे भाग आहे.

तपासणीसाठी मी एक खेळ निवडला आहे. त्यात एकाग्रतेवाचून दुसरे काही जवळजवळ नाहीच. नेमबाजीतला तो प्रकार. पन्नास मीटर रायफल, प्रोन. प्रोन म्हणजे पालथे झोपून नेम धरणे.

तुम्ही म्हणाल, बुवा, गळ्यात तुळशीची माळ आणि गोष्ट बंदुकीची? आपला देव तर कमरेवर हात ठेवून उभा आहे. शंका रास्त आहे. पण या खेळात कोणाचा जीव जात नाही. समोर एक चक्र असते, ते निर्जीव, द्रोणाचार्यांच्या पक्ष्यासारखेच. खेळाडू शेजारी शेजारी पडलेले असतात, पण कोणी कोणाला अडवत नाही, पाडत नाही. ज्याचा त्याचा झगडा ज्याच्या त्याच्या श्वासाशी. चित्ताची परीक्षा पाहायला याहून निर्मळ जागा मला तरी सापडली नाही.

आता त्याची मापे ऐका. अंतर पन्नास मीटर, म्हणजे आपल्या स्टेशनावर उभ्या असलेल्या गाडीचे साधारण दोन डबे. त्या टोकाला चक्र. चक्रातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे तुळशीच्या माळेतल्या एका मण्याएवढे. त्याच्याही आत ५ मिलिमीटरचे एक वर्तुळ आहे. बरोबरी झाली तर त्यात कोणाच्या गोळ्या जास्त गेल्या, हे मोजतात. अशा साठ गोळ्या झाडायच्या. एकेक गोळी दहा गुणांची, एकूण सहाशे. अलीकडे गुण दशांशात मोजतात आणि एका गोळीला १०.९ पर्यंत मिळतात.

खेळाडू सतरंजीसारख्या जाड पट्टीवर पालथा पडतो. अंगात कडक जाकीट, डाव्या दंडाला पट्टा, तो बंदुकीला जोडलेला. डावा कोपर जमिनीत रोवलेला. नाडीचा ठोका पट्ट्यातून बंदुकीपर्यंत पोहोचतो आणि समोरचे दृश्य किंचित उडते. श्वास सोडायचा, क्षणभर थांबवायचा, आणि त्या स्थिरतेत बोट हलके आवळायचे. झटका दिला की नेम गेला. काही क्षणांत जमले नाही, तर हट्टाने गोळी झाडायची नाही. बंदूक खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा आरंभ करायचा. वारा वाहतो, म्हणून मध्ये लहान झेंड्या लावलेल्या असतात, त्यांच्याकडेही पाहायचे. असे साठ वेळा.

या खेळात आपल्या महाराष्ट्राची एक लेक जगात पहिली आली, हे किती वारकऱ्यांना ठाऊक आहे? कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत. ऑगस्ट २०१० मध्ये जर्मनीतल्या म्युनिक शहरी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे पन्नास मीटर प्रोनमध्ये त्यांनी सहाशेपैकी ५९७ गुण मिळवले आणि त्यावेळच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज. साठ गोळ्या मिळून तीनच गुण सांडले. त्याच वर्षी काही महिने आधी त्यांचे वडील वारले होते. त्या दिवशी त्यांच्या मनात काय होते ते त्यांचे त्यांना माहीत. बाहेरून पाहणाऱ्याला एवढे समजते की दुःख घरी ठेवून येता येत नाही. ते सोबत येते, शेजारी आडवे पडते, आणि तरीही हातातले काम नीट होऊ शकते. चित्त शांत झाल्यावर भजनाला बसू, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता या खेळातली जी गोष्ट कळल्यावर मी बराच वेळ विचारात पडलो, ती सांगतो. नेमबाज आडवा पडून नेम धरतो. मग डोळे मिटतो, अंग सैल सोडतो, आणि पुन्हा डोळे उघडून पाहतो की बंदुकीचे तोंड आपणहून कुठे गेले आहे. ते चक्रावरच राहिले असेल तर बैठक बरोबर. थोडे डावीउजवीकडे गेले असेल तर आपण काय करू? हाताने ओढून चक्रावर आणू. हे लोक तसे करीत नाहीत. ओढून आणलेला नेम गोळी सुटताना परत आपल्या जागी जाऊ पाहतो आणि गोळी चुकते. म्हणून ते डावा कोपर जागेवर ठेवून सगळे शरीर थोडे फिरवतात. पुन्हा डोळे मिटतात, पुन्हा पाहतात. बंदूक सैल हातातही चक्राकडेच पाहू लागली की मग पहिली गोळी.

मन लागत नाही, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आजवर पुष्कळ माणसे आली. हरिपाठ म्हणतो पण मन बाजारात असते, माळ ओढतो पण मन भावकीच्या वादात असते. आम्ही त्यांना सांगतो, मनाला ओढून आणा. ते बिचारे ओढतात. ओढलेले मन घटकाभर राहते आणि सुटताक्षणी आपल्या जागी जाते. संतांनी आपल्याला नुसते ओढायला सांगितलेले नाही. त्यांनी सगळे अंगच फिरवायला लावले. गळ्यात माळ घाल, एकादशी धर, वर्षातून एकदा घर सोडून पायी चाल. मुक्ताईची पालखी आपल्या खानदेशातून निघते आणि पंढरीला पोहोचते. तितके दिवस मन कुठेही भटकले तरी पाय एकाच दिशेने पडत असतात. वारी म्हणजे कोपर रोवून सगळे शरीर देवाकडे फिरवणे. मग मनाला फार ओढावे लागत नाही. ते सैल सोडले तरी तिकडेच पाहते.

आणि पालथे पडण्याचे काय? त्याला आपल्याकडे दंडवत म्हणतात. उभा माणूस वाऱ्याने हलतो, बसलेला त्याहून कमी, आणि आडवा पडलेला सर्वांत कमी. नेमबाजीतही उभे राहून, गुडघा टेकून आणि झोपून असे तीन प्रकार आहेत, आणि सर्वांत जास्त गुण झोपूनच पडतात. मोठेपणा जमिनीवर ठेवला की डगमगायला उरते काय? पण याचीही एक बाजू आहे. जिथे स्थिरता सर्वांना सारखीच मिळते, तिथे सबबी संपतात. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये बेलारूसच्या सेर्गेई मार्तिनोव यांनी प्रोनच्या पहिल्या फेरीत सहाशेपैकी सहाशे केले. अशा ठिकाणी एक नऊसुद्धा डोळ्यांत भरतो. दंडवत घालणाऱ्याकडूनही लोक हीच अपेक्षा ठेवतात आणि ती रास्त आहे.

इथवर एकाग्रतेचे गुणगान झाले. आता तिची दुसरी बाजू.

अमेरिकेचे मॅथ्यू एमन्स हे नाव लक्षात ठेवा. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये याच प्रोन प्रकारात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. दोन दिवसांनी तीन स्थितींच्या प्रकाराची अंतिम फेरी होती, शेवटच्या गोळ्या उभ्याने झाडायच्या होत्या. एकच गोळी उरली होती आणि एमन्स तीन गुणांनी पुढे होते. साधारण बरी गोळी लागली असती तरी दुसरे सुवर्ण त्यांचेच होते. त्यांनी नेम धरला, गोळी झाडली. गोळी चक्राला लागली. पण यंत्राने गुण दाखवलेच नाहीत. पंच आले, तपासणी झाली. एमन्स दुसऱ्या जागेवर उभे होते आणि गोळी तिसऱ्या जागेच्या चक्रात गेली होती. गुण शून्य. पहिल्या क्रमांकावरून ते थेट आठव्यावर गेले.

ही चूक कशी झाली, हे त्यांनीच पुढे सांगितले. प्रत्येक चक्रावर जागेचा क्रमांक असतो. त्यांची सवय अशी की आधी दुर्बिणीसारख्या छिद्रातून क्रमांक पाहायचा, मग नजर खाली चक्रावर आणायची. त्या शेवटच्या गोळीला ते आपले मन शांत करण्याच्याच विचारात होते. क्रमांक पाहायचा राहिला.

सज्जनहो, इथे जरा थांबा. हा मनुष्य बेसावध नव्हता. एकाग्रता जगात कोणाची असेल तर त्याची होती. हात थरथरला नाही, गोळी चक्राच्या बाहेर गेली नाही. कमी पडली ती एक नजर, वर क्रमांकाकडे. आणि ती नजर कशामुळे गेली? स्वतःच्या शांतीकडे पाहण्यामुळे. माझे मन स्थिर झाले का, याचाच विचार इतका वाढला की समोर कोणाचे चक्र आहे हे पाहायचे भान राहिले नाही. भजनात हे नित्य घडते. माझे डोळे भरून आले का, माझा भाव लोकांना दिसला का, आज मला किती शांत वाटले, हे न्याहाळत बसणारा साधक आपल्याच मनाची पूजा करतो आणि देव राहतो शेजारच्या जागेवर.

आमचे चाळीसगाव जंक्शन आहे. मुंबईहून आलेला मोठा मार्ग भुसावळकडे जातो आणि एक फाटा धुळ्याला वळतो. इंजिनाचा जोर तोच, चालक तितकाच सावध. पण सांधा कोणीकडे लागला आहे त्यावर गाडी कुठे पोहोचेल ते ठरते. चुकीच्या सांध्यावर जितका वेग जास्त तितके मुक्काम लांब पडते. एकाग्रता म्हणजे इंजिनाचा जोर. तिच्यात पुण्यही नाही आणि पापही नाही. पुण्यपाप सांध्यावर ठरते, आणि सांधा पाहणाऱ्याला आपल्या भाषेत विवेक म्हणतात.

महाभारतानेही हे सांगून ठेवले आहे, आम्हीच तो भाग कमी सांगतो. अश्वत्थामा द्रोणाचार्यांचा पुत्र, अर्जुनाच्याच शाळेतला. युद्ध सरल्यावर त्या रात्री वडाखाली सगळे थकून झोपले, तो एकटा जागा राहिला. वडावर निजलेल्या कावळ्यांना एक घुबड येऊन मारते आहे, हे त्याने टक लावून पाहिले. त्यावरूनच त्याला मार्ग सुचला, आणि पांडवांच्या शिबिरात शिरून त्याने द्रौपदीचे पाचही पुत्र झोपेत मारले. त्या रात्री त्याची एकाग्रता अर्जुनाहून तसूभर कमी नव्हती. गुरू एक, विद्या एक, अवधानही एक. वर क्रमांक पाहिला नाही. एमन्स यांची चूक निर्दोष माणसाची, अश्वत्थाम्याचे कृत्य घोर पापाचे. दोघांना एका मापाने मोजू नये. पण नुसत्या एकाग्रतेवर विसंबता येत नाही, एवढी साक्ष दोघेही देतात.

मग आपल्या संप्रदायाचा आदर्श कोण? मला विचाराल तर अर्जुनाच्याही आधी पुंडलिक. त्याचीही कथा आपण अर्धीच ऐकतो. आईबापांना दुखवून काशीला निघालेला पुंडलिकही एकाग्रच होता. काशी म्हणजे काशी, दुसरे काही दिसत नव्हते. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याला नद्यांचे दर्शन झाले आणि त्याने वर क्रमांक पाहिला. हे चक्र माझे नव्हे, हे त्याला कळले. तो परत फिरला. पाहा, त्याने मन ओढले नाही, सगळे अंगच फिरवले. आणि त्यानंतर आईबापांच्या सेवेत त्याचे लक्ष असे लागले की प्रत्यक्ष परब्रह्म दारात आले तरी हात थांबला नाही. वीट टाकली आणि थांब म्हटले. ज्याच्या प्राप्तीसाठी सगळी साधना करायची तो दारात उभा, म्हणजे फळच चालून आलेले, आणि हा फळाकडे पाहत नाही. ते फळही रागावून निघून गेले नाही. अठ्ठावीस युगे उभे आहे, असे आपण म्हणतो.

संस्कृतात धनुष्याला बाण जोडून नेम धरण्याला शरसंधान म्हणतात. त्याच संधानापासून आपला अनुसंधान हा शब्द आला. शरसंधान एका बाणापुरते असते. अनुसंधान म्हणजे तो जोड बाण सुटल्यावरही राहणे, काम करताना राहणे, हरल्यावर राहणे. बाण लागला की संधान संपते. अनुसंधानाला संपणे नाही.

आता फळाचा प्रश्न, कारण भरतीच्या मुलांचे दुःख तिथेच आहे.

तेजस्विनी सावंत ज्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या, तो महिलांचा प्रोन प्रकार ऑलिंपिकमध्ये नाहीच. पुरुषांचा होता, तोही २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर वगळला गेला. म्हणजे ज्या विद्येत त्या सर्वांत वर पोहोचल्या, त्या विद्येला जगातल्या सर्वांत मोठ्या यात्रेत जागाच नाही. त्या थांबल्या का? २०१८ साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १२ एप्रिलला त्या प्रोनसाठी उतरल्या. ६१८.९ गुण झाले. सिंगापूरच्या मार्टिना वेलोसो यांचे ६२१.० झाले. दोन गुण आणि एक दशांश एवढ्याने सुवर्ण गेले, रौप्य मिळाले. दुसऱ्या दिवशी तीन स्थितींचा प्रकार होता. आदल्या दिवशीचे दोन गुण डोक्यात घेऊन कोणी उतरला असता तर काय झाले असते, ते सांगायला नको. त्यांनी त्या दिवशी सुवर्ण जिंकले. पुढे टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले. चाळिशीत त्या पहिल्यांदा ऑलिंपिकला उतरल्या, तीन स्थितींच्या प्रकारात, आणि तेहतिसाव्या आल्या.

म्युनिकची पहिली आणि टोकियोची तेहतिसावी, या दोन बायका नव्हेत. एकच आहे. मग पुण्य म्युनिकमध्ये होते आणि टोकियोत सरले, असे म्हणायचे का? लंडनला प्रोनमध्ये आपले जॉयदीप कर्माकार चौथे आले, कांस्यपदकापासून १.९ गुण दूर. तिसऱ्याचे लक्ष पवित्र आणि चौथ्याचे अपवित्र, असा निवाडा कोणता धर्म देईल?

आषाढीला पदस्पर्शाच्या रांगेत उभे राहणे सर्वांच्या नशिबी नसते. कोणाला मुखदर्शन होते, कोणी नामदेव पायरीला डोके टेकतो, कोणी लांबून कळस पाहतो आणि परतीची वाट धरतो. कळस पाहून आलेल्या म्हातारीला गावात कोणी म्हणत नाही की तुझी वारी फुकट गेली. तिची वारी पावलोपावली झालेली असते. निरूपण सांगणे सोपे आहे, हे मी जाणतो. नोकरी आणि कळस एक नव्हेत. घरी शेती कोरडवाहू, बहिणीचे लग्न तोंडावर, वयाची मर्यादा सरत आलेली, अशा मुलाला कळसाने भाकरी मिळत नाही. त्याला दुसरा धंदा शोधावा लागेल आणि तो शोधायला आपण मदत केली पाहिजे. नुसता उपदेश करून उठून जाणे हे बुवापण झाले. पण भाकरी नाही मिळाली हे एक दुःख आहे, आणि तू दोषी आहेस हे ऐकावे लागणे हे दुसरे. पहिले आपल्या हातात नसेल, दुसरे तर आहे. ते तरी त्याच्या माथी मारू नका. फळाचा हिशेब वेगळ्या वहीत लिहा आणि लक्षाचा वेगळ्या.

आणि लक्षाच्या वहीत पहिला प्रश्न क्रमांकाचा असू द्या. कितीतरी घरांत पोर शेजारच्या चक्रावर गोळ्या झाडते आहे. चुलत्याचा मुलगा फौजदार झाला, म्हणून याने फौजदार व्हायचे. पोराचा हात स्थिर, श्वास बरोबर, कष्ट खरे, आणि यंत्र शून्य दाखवते. त्याला आणखी एकाग्र हो म्हणून काय उपयोग? आईबापांनी आणि मुलाने एकत्र बसून एकदा वर पाहावे, हे चक्र कोणाचे आहे. ते त्याचे स्वतःचेच असेल तर पुन्हा श्वास घ्यावा आणि पुन्हा आरंभ करावा. नसेल तर बंदूक खाली ठेवण्यात लाज नाही. ती खाली घेणे हाही त्या खेळाचाच भाग आहे.

चक्र आपले असले की वेळ लागला तरी चालतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे तेव्हा आपल्याच मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला तीन स्थितींच्या प्रकारात त्यांना कांस्यपदक मिळाले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्य मिळवले होते, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचे ऑलिंपिकमधले हे वैयक्तिक पदक. एमन्स यांचेही पाहा. अथेन्सनंतर चार वर्षांनी बीजिंगला त्यांनी प्रोनमध्ये रौप्य मिळवले, पण तीन स्थितींच्या शेवटच्या गोळीला बोट आधीच लागले, ४.४ गुण पडले आणि हातातले सुवर्ण पुन्हा गेले. आणखी चार वर्षांनी लंडनला त्याच प्रकारात ते पुन्हा उभे राहिले आणि कांस्य घेऊन आले. आठ वर्षे लोक त्यांना एका चुकलेल्या गोळीने ओळखत होते. ते स्वतः मात्र पुढच्या गोळीकडे पाहत राहिले. अनुसंधान सुटू दिले नाही, असे मी याला म्हणेन. देवाचे नाव त्यात नसेलही, पण रीत तीच आहे.

तर माझ्या प्रश्नाचे उत्तर असे. एकाग्रता हे पुण्य नव्हे. ते बळ आहे, पाण्यासारखे. पाटाने गेले तर मळा पिकवते, बांध फोडून गेले तर माती वाहून नेते. ते पुण्य होते तेव्हा तीन गोष्टी झालेल्या असतात. मनाला न ओढता सगळे जगणे योग्य दिशेला फिरवलेले असते. नेम धरण्याआधी वर क्रमांक पाहिलेला असतो. आणि सुटलेल्या गोळीच्या मागे मन धावत गेलेले नसते, मग ती दहात गेलेली असो की शून्यात.

आज संध्याकाळी हरिपाठाला बसाल तेव्हा डोळे मिटण्याआधी एकदा वर पाहा. हे कोणासाठी चालले आहे, एवढे स्वतःला विचारा. उत्तर लोक आले, प्रतिष्ठा आली, नाहीतर आपलीच शांती आली, तर घाबरू नका. उठून जाऊही नका. अंग थोडे फिरवा आणि पुन्हा आरंभ करा. साठ गोळ्यांतली पहिलीच तर आहे.

रामकृष्ण हरी.